खरी महारीण

"हे लुगडं फेड. घरी नेसतीस ते नेसून ये."

डोंगरकडा गावच्या चावडीपुढं, भर उन्हात, पाटील मला हे म्हणाला. माझं लगीन होऊन वर्षही झालं नव्हतं, माहेरपणाला आले होते. अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं होतं. शेजारी माझा बाप उभा होता, गावाची वेस राखणारा येसकर. त्यानं मान खाली घातली.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. हैदराबादहून एक शिकलेला साहेब आला होता. जातीजातीच्या माणसांचे फोटो काढून तो पुस्तक करणार, असा पाटलाचा सांगावा महारवाड्यात आला. आम्हाला काय कळणार? फोटो काढताना आम्ही पाहिलं होतं ते फक्त औंढ्याच्या जत्रेत. तिथं लोक ठेवणीतले कपडे घालून, रंगवलेल्या पडद्यापुढं ताठ बसायचे. फोटो म्हणजे तसंच काहीतरी, असं आम्ही धरून चाललो. सारा महारवाडा नटला. बापानं धुतलेला पटका बांधला, मिशीला तेल लावलं. आईनं माझी वेणी घातली. आम्ही हसत हसत चावडीवर गेलो.

साहेबानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाटलाला म्हणाला, "ये तो बाराती लग रहे हैं. असली महार लाओ."

असली, म्हणजे खरे म्हणे. मग आम्ही कोण होतो?

बापाचा पटका काढायला लावला. सदरा काढायला लावला. उघड्या अंगानं मातीत बसवलं. साहेबानं लोखंडी चिमट्यानं त्याचं नाक मापलं, डोकं मापलं. बाजारात बैलाचे बघतात तसे त्याचे दात बघितले, तेही चिमट्यानंच ओठ वर करून. फोटो काढला. मग पाटलाच्या गड्यानं वरून पाणी ओतलं आणि साहेबानं साबण लावून हात धुतले. बापाच्या देखत. ते फेसाचं पाणी वाहत त्याच्या पायाशी आलं. बाप हलला नाही.

मग माझी पाळी. मी घरी जाऊन फाटकं लुगडं नेसून आले होते. गेलेच होते मी, सांगितल्याबरोबर. पण साहेबाचं तेवढ्यानं भागेना. खांदा उघडा दिसला पाहिजे म्हणे. त्या गड्याला आमचा विटाळ व्हायचा. त्यानं हात लावला नाही. काठीच्या टोकानं माझा पदर ओढला.

काठीनं. मेलेलं कुत्रं बाजूला सारतात तसा.

मी काठी धरली.

"सोड," पाटील म्हणाला.

"माजा फोटू काढायचा न्हाई."

"काहून? तुज्या बापाचा काढला की."

"म्हणूनच न्हाई."

पाटील बापाकडं वळला. "उद्यापासून तुजी येसकरकी बंद. खळ्यावर पाय ठेवायचा न्हाई."

बाप मातीतूनच म्हणाला, "उभी ऱ्हाय, पोरी. घडीभराचं काम हाय."

साहेबाची, पाटलाची किळस आलीच होती. त्या क्षणी मला माझ्या बापाचीही किळस आली. त्यांनी ती माझ्या पोटात घातली, याची चीड सगळ्यात जास्त आहे. मी काठी फेकली आणि घरी गेले. त्या साली आम्हाला खळ्यावरचं बलुतं मिळालं नाही. मी माहेरी आले की आई कण्या शिजवायची आणि मला बोल लावायची. मी ऐकून घेतलं.

पुस्तक निघालं. निजामाचं राज्य गेलं त्या साली हिंगोलीत, आमच्याच वस्तीतल्या एका मास्तरांनी मला ते दाखवलं. त्यात माझा बाप होता. उघडा, मातीत, डोळे खाली. तोवर तो मरूनही गेला होता. खाली काय लिहिलंय ते मी मास्तरांना विचारलं. त्यांनी वाचलं, "महार पुरुष. या जातीत अंगभर वस्त्र घालण्याची चाल नाही."

सदरा उतरवला त्यांनी, आणि चाल आमची. बापाचं नाव कुठंच नव्हतं. मी त्या पानावर थुंकणार होते. पुस्तक मास्तरांचं होतं म्हणून आवरलं.

आता कुणी कॅमेरा घेऊन वस्तीत शिरला की मी वाटेत उभी राहते. बायामाणसं मला घरात ओढतात, मी हलत नाही. त्याला सांगते, आधी तुझ्या बापाला उघडा करून मातीत बसव. चिमट्यानं त्याचे दात बघ. फोटो काढ, खाली नाव लिहू नको, नुसती जात लिही. तो फोटो घेऊन ये. मग माझ्या लेकरांकडं बघ.