दाता म्हणून योग्य नाही

वहिनी मला तळलेलं वाढत नाही. परवा दादाच्या वर्षश्राद्धाला पणदऱ्यात पंगत बसली होती. वाढणाऱ्यानं माझ्या पत्रावळीवर दोन वडे ठेवले. तेवढ्यात वहिनी पलीकडून आली, वाकली, आणि ते उचलून तिनं माझ्या शेजारी बसलेल्या तात्यांच्या पत्रावळीवर ठेवले.

“भावजींच्या लिवरला तेल सोसत न्हाय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

तात्या म्हणजे आमचे सांगवीचे चुलते. त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. “दोघा भावांचं येकच दुखणं. आरं, रगतातच हाय आपल्या.”

मी वरणभात कालवत राहिलो.

माझ्या लिवरला काहीही झालेलं नाही. कधी झालंही नव्हतं. एवढं साधं वाक्य आहे, पण ते मला आजवर कागदावर उतरवता आलं नाही.

दादा पणदऱ्याची शेती आणि गोठा बघायचा. मी इंदापुरात ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवतो. तो मला शेवटपर्यंत ‘बारक्या’च म्हणत असे, माझ्या दुकानात गिऱ्हाइकांपुढंसुद्धा. माणूस आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही. त्याला साखर होती, ती त्यानं कधी मनावर घेतली नाही, आणि त्याच्या लिवरवर वर्षानुवर्षं चरबी साठत गेली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आधी फक्त डोळे पिवळे झाले, आणि डोळे पिवळे म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे माळ, असा आमच्याकडचा हिशेब. जवळच्या एका वाडीत एक म्हातारा कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून माळ देतो. ती डोक्यावर टोपीसारखी बसते. मग दिवसागणिक लांबत जाते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली. दादाची माळ छातीपर्यंत आली, तेव्हा वहिनीनं घरात गोड केलं. त्याच आठवड्यात त्याचे पाय सुजले.

बारामतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पुण्याला पाठवलं. गावात बातमी पसरली. लिवर म्हटलं की लोक एकमेकांकडं बघून अंगठा तोंडाशी नेतात. डेअरीवर दूध घालायला गेल्यावर तिथला एक जण म्हणालाच, “मालक, दूध पिऊन लिवर जातंय व्हय? का बाटलीतलं दूध हुतं?” दादा हसला. म्हणाला, “तुमी त्यात पानी घालताय न्हवं, त्येचंच झालं आसंल.” पण घरी आल्यावर तो बराच वेळ गोठ्यात जाऊन उभा राहिला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, लिवर बदलावं लागेल. मेंदू मृत झालेल्या एखाद्या माणसाचं मिळालं तर ते, पण त्याची यादी मोठी आणि वाट बघण्यात माणूस जातो. नाहीतर घरातल्या कुणी तरी आपल्या लिवरचा तुकडा द्यायचा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं.

वहिनी म्हणाली, “मंजी उसाच्या खोडव्यागत? तोडला तरी बुडातनं पुन्ना फुटतोय तसं?”

डॉक्टर शहरातले. खोडवा त्यांना ठाऊक नसावा. “हो, तसंच समजा,” ते म्हणाले.

वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. त्यांची पोरगी अजून बारावीला. कुणी माझ्याकडं बघायच्या आधीच मी बोललो, “माझं घ्या.” मोठ्यानं बोललो. बाहेरच्या बाकांवरच्या लोकांनीही वळून बघितलं, आणि मला ते आवडलं. हे आता कबूल करतो.

दादा म्हणाला, “बारक्या, डाळिंबाच्या फांदीला गुटी कलम बांदायचं न्हाय रं. पोट फाडायचंय तुजं. इचार कर.”

“केला इचार,” मी म्हणालो. केला नव्हता.

माझा गट जुळला. रक्त, फोटो, सगळं झालं. सगळं उत्तम निघालं. खर्चाची सोयही दादानं लावली होती, तेव्हा ते कारण पुढं करता येणार नाही. मग एका बाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. त्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी नव्हत्या. देणाऱ्याची बाजू बघायला वेगळा डॉक्टर असतो, त्या तशा होत्या. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचं लिवर होतं. त्याचा उजवा भाग त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. “एवढा आपण घेणार. धोका कमी आहे, पण शून्य नाही. देणाराही क्वचित दगावू शकतो, हे तुम्हाला सांगणं माझं काम आहे.”

तो तुकडा अगदी हलका होता. तरी तो माझ्या बोटांतून निसटायला लागला.

“कुणाचा दबाव आहे?”

“नाही.”

“मनापासून देताय?”

मी तो तुकडा परत त्या लिवरला लावायला गेलो, तो बसेना. मी म्हणालो, “भीती वाटते.”

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भीती वाटणं हा गुन्हा नाही, आणि नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. “तुम्ही नाही म्हणालात, तर घरच्यांना मी इतकंच सांगेन की हे दाता म्हणून योग्य नाहीत. कारण सांगणार नाही. ते इथंच राहील.”

“तसंच सांगा,” मी म्हणालो.

त्यांनी शब्द पाळला. बाहेर येऊन दादा-वहिनीला तेवढं एकच वाक्य सांगितलं आणि त्या निघून गेल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. खोटं मी बोललो. वहिनी माझ्याकडं वळली. “भावजी, तुमालाबी काय निघालं का?”

नुसती मान खाली घातली असती तरी भागलं असतं. मी म्हणालो, “चरबी हाय म्हणत्यात.”

दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचा हात तेव्हा काटकीसारखा झाला होता. “आदी तुजं दाखवून घे. माजं बगू.”

परतताना वाटेत वहिनीनं रसवंतीपाशी गाडी थांबवली. लिवरला उसाचा रस चांगला असतो, असं आमच्यात सगळेच मानतात. दादाला साखर, त्याला चालणार नव्हता. तिनं रस घेतला तो माझ्यासाठी. मी गाडीला टेकून प्यालो आणि दादा आत बसून काचेतून माझ्याकडं बघत होता. “आजून घे,” तो म्हणाला. मी आणखी एक ग्लास घेतला.

इथपर्यंतचं कदाचित कुणी माफ करेल. पुढचं सांगायचं म्हणून मी हे लिहायला बसलो.

तात्यांचा मुलगा, आमचा सांगवीचा चुलत भाऊ, त्याचाही गट जुळत होता. तो तपासण्या करून घ्यायला तयार होता. चुलत भावाचं घ्यायचं तर सरकारी समितीची परवानगी लागते, पण ती मिळू शकते असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला पुण्याला न्यायचा दिवससुद्धा ठरला. मग माझ्या चरबीची बातमी सांगवीला पोचली. तात्या दादाला भेटायला आले, भुईकडं बघत बोलले, “एका भावाला हाय, दुसऱ्याला हाय. मंजी ह्ये घराण्यातच हाय. माज्या पोराच्यातबी आसणार. त्येचं हाय तेवडं तरी ऱ्हाऊ द्या बाबा.”

दादा म्हणाला, “बराबर हाय तात्या. पोराला नका पाठवू.”

मी तिथंच बसलो होतो. चहाची कपबशी माझ्या हातात होती. त्या क्षणी तोंड उघडलं असतं, तर तो पोरगा कदाचित पुण्याला गेला असता. त्याचं जुळलं असतं की नाही, दादा ऑपरेशनच्या टेबलावरून उठला असता की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. पण दार उघडं होतं. ते माझ्या एका शब्दानं लागलं, आणि उघडायला दुसरा एक शब्द पुरला असता. मी बशीतला चहा संपवला.

दादाचं नाव यादीत लागलं. फोन त्याच्या उशाशी असायचा. विम्याचा, बँकेचा, कुणाचाही फोन वाजला की वहिनी हातातलं टाकून धावायची. दवाखान्याचा फोन आला नाही. एका दुपारी दादाला रक्ताची उलटी झाली, आणि बारामतीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्याचं भान येत-जात होतं. मधेच त्यानं मला ओळखलं.

“दाखवलंस का रं तू?”

“दाखवलं, दादा.”

“मंग?”

“बरं हाय आता.”

त्यानं डोळे मिटले. माझ्याशी तो बोलला ते एवढंच शेवटचं.

गावात लोक म्हणायचे, बारक्याच्या बायकोनं आडवलं आसंल. मी ते खोडून काढलं नाही. तिनं मला कशालाच अडवलं नव्हतं. तिलाही मी चरबीच सांगितली होती, आणि ती बिचारी फोडणीला थेंबभर तेल घालून स्वयंपाक करत होती.

दादा गेल्यावर वहिनीनं मलाच धरलं. म्हणाली, चला, माळ घालून येऊ. मी नको म्हणालो, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गेलो. म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावर माळ ठेवली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

“कुठवर आली?”

“कानापातुर.”

आणि चार दिवसांनी, “आता?”

“गळ्यात उतरली, वहिनी.”

“उतरतीया मग. उतरू द्या.”

मुळ्या वाळतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. दादाच्या मरत्या लिवरवर जशी उतरली तशीच माझ्या धडधाकट लिवरवरही उतरली. ते मी रोज आरशात बघत होतो.

गेल्या हिवाळ्यात माल आणायला बारामतीला गेलो, तर एका सभागृहाबाहेर फलक दिसला. यकृताचे आजार आणि अवयवदान, डॉक्टरांची चर्चा, सर्वांना प्रवेश. मी शेवटच्या रांगेत बसलो. आधी चरबीवर बोलणं झालं, मग साखरेवर. मग अचानक ते माझ्यावर आले. त्यांना अर्थातच माहीत नव्हतं.

एक तरुण डॉक्टर तावातावानं म्हणाला, “देणारा घाबरला, तर आपण घरच्यांना अर्धवट सांगतो. रुग्णाला वाटतं, भाऊ द्यायला तयार होता, शरीर आडवं आलं. ही फसवणूक नाही का?”

वयानं मोठे असलेले एक डॉक्टर शांतपणे म्हणाले, “आपल्या घरांत भावानं भावाला नाही म्हणायची जागाच नसते. ती त्या एका खोलीत मिळते. ती काढून घेतली, तर तो राजीखुशीनं देतोय हे आपण कशाच्या जोरावर लिहून घ्यायचं?”

मला दोघांचंही पटलं. मग एक बाई म्हणाल्या, “पण त्या खोलीतून बाहेर पडल्यावर त्या माणसाचं काय होतं? घरचे कारण विचारतातच. तो काय सांगतो? त्याला पुन्हा कुणी बोलावतं का?”

यावर उत्तर येण्याआधीच श्रोत्यांतल्या एकानं विचारलं, दारू न पिता लिवर कसं काय जातं, आणि लोक हसले. मी उठलो. गाडी इंदापूरच्या रस्त्याला न लावता पणदऱ्याला घेतली.

वहिनी गोठ्यात होती. गव्हाणीत कुट्टी टाकत होती. मी उभ्यानंच सांगितलं. भीती, ती खोली, चरबी हा माझा शब्द, सगळं. बोलताना मी एका म्हशीच्या शिंगाकडं बघत होतो.

ती थांबली. “मंजी तुमच्या पोटात काय न्हाय?”

“न्हाय.”

“आन् सांगवीवालं भावजी? त्ये उगंच मागं फिरलं?”

“व्हय.”

तिनं पाटी खाली ठेवली. पदरानं हात पुसले, पुसतच राहिली. मग म्हणाली, “त्येनी जाताना माजा हात धरला हुता. म्हनलं, पोरीचं हुईल काईतरी. बारक्याचं बग. त्येच्या पोटात बी ह्येच हाय, त्येला पथ्यपानी कोन करनार.” तिनं पदर सोडला. “मी त्येंचं सांगनं करत हुते.”

मी म्हणालो, “वहिनी, मला काय बोलायचं ते बोला.”

“काय बोलू?” ती म्हणाली आणि पाटी उचलून पलीकडच्या गाईपाशी गेली. मी अंधार पडेपर्यंत अंगणात बसलो. तिनं चहा दिला नाही. जा, असंही म्हणाली नाही.

त्यानंतर तिचा फोन बंद झाला. परवाच्या वर्षश्राद्धाचं बोलावणंही पोरीनं केलं. मला वाटलं, चारचौघांत ती बोलेल, आणि मी तयारीनं गेलो होतो. तर ती आली, वाकली, माझ्या पानातले वडे उचलून तिनं तात्यांना वाढले आणि सगळं ठाऊक असून तेच बोलली.

तिनं मला झाकलं की तात्यांना, मला कळत नाही. तात्यांचा मुलगा समोरच्या ओळीत बसला होता. दादा गेल्यापासून तो वहिनीशी मान वर करून बोलत नाही. आपण मागं फिरलो म्हणून चुलत भाऊ गेला, हे त्याच्या मनात आहे, आणि ‘रगतातच हाय’ या एका आधारावर तो उभा आहे. कदाचित तो आधार वहिनीला काढायचा नसेल. कदाचित दादाला दिलेला शब्द तिला मोडायचा नसेल. पण माझं खोटं आता तिच्या तोंडी आलं आहे, आणि दरवर्षी त्या पंगतीत ते तिनं बोलावं, हे मला सोसवणार नाही.

तात्या हे वाचणार नाहीत, त्यांना आता अक्षर दिसत नाही. त्यांचा मुलगा वाचेल. त्याला सांगायचं ते असं: तुझ्या रक्तात काही नाही, माझ्याही नाही. तू मागं फिरलास ते माझ्या शब्दावरून.

त्या दिवशी पंगत उठल्यावर मी हात धुवायला मागं गेलो. बांधापलीकडं तोडलेल्या उसाचा खोडवा गुडघाभर वर आला होता.