जित्याला जिता म्हणायला लावणारे मास्तर

गोपाळराव मास्तरांची साठी होते आहे आणि या गौरवग्रंथात मीही चार शब्द लिहावेत, असा मंडळींचा हट्ट. आमची पहिली ओळख भांडणातून झाली, हे आधीच सांगून टाकतो.

म्हसावदच्या शाळेत मास्तर नवे आले होते. रविवारी सकाळी ओट्यावर ते मोठ्या माणसांना गोष्टी सांगत. बुद्धांच्या सांगत, येशूंच्याही सांगत. "हे खरंच घडलं का, ते विचारत बसू नका. ऐकून आपल्याला जाग आली का, तेवढं बघा," असं म्हणत. मला ते सगळं थोतांड वाटे!

माझा थोरला यशवंत डोंगराकडच्या मिशनच्या दवाखान्यात कामाला लागला, तिथल्यांच्या पंगतीला जेवला. पोरगा बाटला म्हणून भाऊबंद खवळले. मी त्याचा कणकेचा पुतळा करून तापीकाठी जाळला, अंघोळ केली आणि पोरगा मेला म्हणून मोकळा झालो. त्याच्या आईने माझ्याशी बोलणंच टाकलं.

एका रविवारी मास्तरांनी बुद्धांची गोष्ट सांगितली. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन एक आई मोहरी मागत घरोघर फिरते. लेकरू उठवायला मोहरी हवी ती कुणीच न मेलेल्या घरची; तसं घर तिला सापडत नाही, आणि ती भानावर येते. पाठोपाठ येशूंची गोष्ट आली. घर सोडून गेलेला मुलगा लांबून दिसताच त्याचा बाप धावत सुटतो. मी तिरमिरीत उठलो.

"मास्तर, मन्हावरच गोष्टी सांगी ऱ्हायनात का?"

मास्तरांनी आवाज चढवला नाही. आमच्याच बोलीत म्हणाले, "नाना, त्या मायना पोऱ्या खरंच मरेल व्हता. तुमना तं जित्ता शे."

मी खाली बसलो. चारचौघांत रडलो, लाज कसली!

दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला. यशवंत अंगणात कपडे वाळत घालत होता. मला पाहून चाचरत म्हणाला, "बा, पानी लई येऊ का?" मी पिईन की नाही, याची त्याला धास्ती. मी त्याच्या हातून तांब्याभर पाणी प्यालो.

त्याला घरी आणलं, तसं गावाने मला वाळीत टाकलं. तेव्हा आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले ते मास्तर. यशवंतच्या शेजारी बसून त्यांनी भाकरी मागून घेतली, आणि त्याच्या आईने मला "तुम्ही बी बसा ना" म्हटलं. किती दिवसांनी!

मास्तर, आपली प्रकृती ठणठणीत राहो, आपण पुष्कळ पुष्कळ जगावं. जित्या पोरांचे पुतळे जाळणारे बाप या तालुक्यात अजून शिल्लक आहेत.