पाणी आईने पाहिलं होतं

स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेलं संकट कळवावं का? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आज दुपारी वारज्याच्या पुलाजवळून मी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या परवानाधारक बिनतारी संचावर, पूर नियंत्रण कक्षाला पावसाची माहिती देत होते. नदीकाठच्या आमच्या वस्तीतून आईचा फोन आला, "दारात पाणी आलंय, सांग त्यांना!"

मी सांगितलं. नियंत्रण कक्षातले काका म्हणाले, "आपण पाहिलंत? नाही ना? मग पाहून सांगा." अफवा पसरू नयेत म्हणून आमचा नियमच तसा आहे.

मी धावत गेले, पाहिलं, कळवलं. मदत येईपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं. सगळे सुखरूप निघाले.

आई एवढंच म्हणाली, "तुझा नियम पोहतो का गं?"

नियम मला अजूनही पटतो. पण वस्तीतल्या डोळ्यांवरही विश्वास ठेवता यायला हवा. संध्याकाळी हॅम परवान्याच्या वर्गात आईचं नाव घालून आले.