मागे रांग होती

माझ्या नणंदेचं बोलणं जगात तिघांनाच कळतं. सासूबाईंना पूर्ण, मला पाऊण आणि तिच्या सख्ख्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, निम्मं. उरलेलं निम्मं हे अंदाजाने भरतात आणि ह्यांचा अंदाज नेहमी स्वयंपाकघराकडे धावतो. वन्सं खिडकी उघडायला सांगतात आणि हे पाण्याचा पेला आणून पुढे ठेवतात.

जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, म्हणून वन्संचे हात वाकडे वळतात, मान एका जागी ठरत नाही आणि शब्द बाहेर येता येता एकमेकांना चिकटतात. डोक्याचं विचाराल तर आम्हा सगळ्यांचं मिळून होईल त्याहून त्यांचं एकटीचं जास्त चालतं. एम.ए. झाल्या आहेत. मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने केसपेपर संगणकावर चढवतात, एका बोटाने. रोज भाऊ स्कूटरवर सोडतो आणि संध्याकाळी घेऊन येतो.

घरात एक रीत पडून गेलेली आहे. वन्संचं म्हणणं कोणी चुकीचं उचललं की त्या जवळ असेल त्या लाकडावर मुठीने दोनदा वाजवतात. बरोबर असलं की एकदा. मी लग्न होऊन आले तेव्हा कित्येक महिने माझ्या वाट्याला फक्त दोनदाच आलं. मी चिडायचे. चिडले की मी भांडी आपटते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण पहिल्यांदा एकदाच वाजलं त्या दिवशी मी शेजारच्या बाईंना बोलावून सांगितलं होतं.

रेकॉर्ड रूममध्ये बसून वन्संना एक गोष्ट दिसायला लागली. ज्यांचं बोलणं अस्पष्ट, ज्यांना ऐकू येत नाही, अशांच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं असायचं, ‘रुग्ण सांगू शकत नाही, सोबतच्यांनी सांगितले.’ वन्संचा मुद्दा साधा होता. रुग्णाला विचारलं होतं का? आणि सोबतच्यांनी जे सांगितलं ते रुग्णाचंच होतं का? आपल्यासारख्या गरीब देशांतल्या अपंग संशोधकांना परदेशातली एक संस्था फेलोशिप देते, हे त्यांनीच शोधून काढलं. दोन वर्षांचा पगार, दुसऱ्या शहरातलं विद्यापीठ, मार्गदर्शक आणि मदतनीस ठेवायला वेगळे पैसे. वयाची अट होती. पुढच्या वर्षी वन्सं त्या अटीत बसणार नव्हत्या. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

कागद जमवण्यात माझ्या चपला झिजल्या. अपंगत्वाचा दाखला नवीन हवा म्हणाले, जणू मधल्या काळात बाई धावायला लागली असेल. मी तिथल्या कारकुनाला तसं बोलून दाखवलं आणि काम आणखी आठवडाभर लांबलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. पण अर्ज गेला, निवडक लोकांत नाव आलं आणि मुलाखतीची तारीख कळली. मुलाखत संगणकावर, घरूनच आणि मराठीतच. सोबत बोलणं समजावून सांगणारी एक व्यक्ती चालेल, असं लिहिलं होतं. एकच.

त्या ‘एकच’ने माझी झोप उडवली. वन्संनी टाईप करून उत्तरं द्यावीत असं मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, टाईप केलं की लोक पडद्याकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत. मग सोबत कोण? माझं पाऊण, ते पुरेसं नाही. घाबरल्या की वन्सं भरभर बोलतात, तेव्हा माझं अर्ध्यावर येतं. राहता राहिल्या सासूबाई.

सासूबाई शाळेचे गणवेश शिवतात. गळ्यात टेप, दातांत टाचणी आणि तोंडात सगळ्या गल्लीची खबर. लेकीचा शब्द अजून ओठांवर असतो तोवर त्यांना कळलेला असतो. पण त्यांचं एक आहे. वन्सं दहा शब्द बोलल्या की सासूबाई तीन सांगतात. किराणा दुकानात वन्सं म्हणणार, हा तांदूळ मागच्या वेळी खडेवाला निघाला, दुसरा दाखवा. सासूबाई सांगणार, तांदूळ द्या. दुकानदाराला वाटतं बाई गरीब स्वभावाची आहे. आम्हाला माहीत आहे की ती तशी अजिबात नाही.

आम्ही सराव सुरू केला. मी मुलाखत घेणारी होऊन खुर्चीत बसायचे. वन्सं लांबलचक, नेमकं उत्तर द्यायच्या आणि सासूबाई त्याची चिंधी करून माझ्या हातात द्यायच्या. टकटक. पुन्हा. टकटक. मी म्हटलं, आई, त्या बोलतील तेवढं सगळं सांगायचं, आपली काटछाट नको. त्यावर त्या म्हणाल्या, अगं, त्या मोठ्या माणसांना काय दिवसभर आपलंच ऐकायचंय का? मी उठून भांडी घासायला गेले. घासलेलीच होती, पण पुन्हा घासली.

हा विषय तुम्हाला कसा सुचला, हा प्रश्न मी विचारला की वन्सं तो टाळायच्या. तो आला तर बघू, म्हणायच्या. मला ते खटकलं होतं, पण आधीच काळज्या कमी होत्या का? आमचे हे इलेक्ट्रिशियन. नेमकी वीज गेली तर त्यांचंच नाक कापलं जाईल, म्हणून त्यांनी कुठून तरी गाडीची बॅटरी आणून जोडली आणि चाचणी घेताना घरातला फ्यूज उडवला.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनचं डोकं खाली दुमडून तिच्या फळीवर लॅपटॉप ठेवला. घरात तेवढी एकच उंची वन्संच्या खुर्चीला जुळते. सासूबाई शेजारी बसल्या, गळ्यातला टेप काढायचा विसरून. मी दाराजवळ, पडद्यावर दिसणार नाही अशी, आणि न बोलण्याचं वचन देऊन. हे मीटरपाशी हात जोडून उभे होते.

पडद्यावर तिघे आले. मधोमध अध्यक्षबाई, एका बाजूला जाड चष्म्याचे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला चाकाच्या खुर्चीत बसलेले एक गृहस्थ. अध्यक्षबाई फार चांगलं बोलल्या. शेवटी सहज म्हणाल्या की उत्तरं थोडक्यात दिलीत तरी चालेल, तुमच्यामागे आणखी उमेदवार थांबलेले आहेत. ते ऐकल्याबरोबर सासूबाई ताठ झाल्या.

आणि पहिलाच प्रश्न तो आला. हा विषय तुम्हाला कसा सुचला?

वन्सं बोलायला लागल्या. मान हलत होती, हात मशीनच्या कडेला घट्ट धरलेला. मी ऐकत गेले आणि हळूहळू कळलं, ही तर आमच्याच घरातली गोष्ट. आठ वर्षांपूर्वी, मी नुकती लग्न होऊन आले होते तेव्हा, वन्संचं पोट दुखायला लागलं होतं. सासूबाई त्यांना दवाखान्यात नेऊन गॅसच्या गोळ्या घेऊन आल्या. दोन दिवसांनी अपेंडिक्स फुटलं. वन्सं जातायत की राहतायत अशी अवस्था झाली होती. त्या डॉक्टरला मेल्याला काही कळलं नाही, असं सासूबाई आजवर सांगत आल्या आणि आम्ही तेच खरं धरलं. वन्सं आता पडद्यावरच्या तिघांना वेगळं सांगत होत्या. दुखणं उजवीकडे खाली आहे, हे मी डॉक्टरसमोर बोलले होते. माझ्या आईने त्याचा गॅस केला.

वन्सं थांबल्या. सासूबाईंनी पडद्याकडे पाहिलं, पदराने ओठ टिपले आणि म्हणाल्या, “ती म्हणते, हॉस्पिटलात काम करते ना, तिथे बघून बघून सुचलं.”

टकटक.

प्राध्यापकांनी विचारलं, कसला आवाज येतोय? सासूबाई म्हणाल्या, काही नाही, मशीन जुनी आहे. पुन्हा टकटक, या वेळी जोरात. लॅपटॉप हलला आणि पडद्यावरचे तिघे क्षणभर डुलले.

मी अर्धी उठले होते. तिथे जाऊन सगळं सांगून टाकावं असं वाटलं; तेवढं तर मला नक्कीच कळलं होतं. वन्संनी माझ्याकडे बघितलं. त्यांची मान तशी सारखीच हलते, पण नकाराचं हलणं वेगळं असतं आणि ते मला पाऊण नाही, पूर्ण कळतं. मी बसले. एका वाक्यापायी सगळं चाललंय, असं वाटत होतं, आणि ते वाक्य ज्यांच्या तोंडून यायला हवं त्यांच्या तोंडाला कुलूप.

चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, “त्यांना काही दुरुस्त करायचंय, असं दिसतंय. सावकाश होऊ द्या. आम्ही थांबतो.”

सासूबाईंनी गळ्यातला टेप मुठीत धरला. लेकीकडे न बघता, पडद्याकडेही न बघता त्या बोलायला लागल्या.

“ती म्हणते, माझ्या पोटात उजवीकडे खाली दुखत होतं. मी डॉक्टरांसमोर तसंच सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंच नाही, सोबतच्या बाईला विचारलं, काय म्हणते ही? सोबतची बाई म्हणाली, गॅस झालाय. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. नंतर ते माझ्या आतच फुटलं. म्हणून हा विषय.”

अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, सोबत कोण होतं?

“मीच होते,” सासूबाई म्हणाल्या. “हे ती म्हणत नाहीये, मी म्हणतेय. मागे रांग होती हो. हिला एक वाक्य बोलायला वेळ लागतो. लोक खोकायला लागतात, घड्याळ बघतात. जन्मभर बघत आलेय मी ते. म्हणून थोडक्यात सांगितलं.”

मग वन्संची मूठ मशीनवर एकदाच वाजली.

पुढची सगळी उत्तरं सासूबाईंनी शब्दाला शब्द सांगितली. वन्सं अडखळल्या तिथे त्याही थांबल्या. मुलाखत ठरल्यापेक्षा खूप लांबली आणि मागच्या उमेदवारांचं काय झालं ते देव जाणे. लॅपटॉप मिटल्यावर सासूबाईंनी लगेच मशीन वर काढली आणि एका शर्टाची बाही शिवायला घेतली. ती उलटी लागली. उसवली, पुन्हा उलटी लागली. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली.

निकालाला महिना लागणार होता. तो महिना आमचा जीव टांगणीला लागलेला. फोन वाजला की मी दचकायचे आणि पलीकडे कोणी तरी ह्यांना पंखा दुरुस्त करायला बोलावत असायचं. सासूबाईंचं जेवण सुटलं. लेकीशी बोलायच्या, पण इकडचं तिकडचं. एकदा ताटं वाढताना मला म्हणाल्या, “माझ्यामुळे गेलं तर? आधी पोट, आता हे.” मी त्यांच्या पानात भाकरी वाढली आणि शेजारी बसून राहिले. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती, आणि त्यांचा रागही आला होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतंय याची लाज वाटत होती.

वन्संना मी विचारलं, तुम्ही मुद्दाम आईंनाच बसवलंत का? म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला पूर्ण कळत नाही म्हणून बसवलं. नंतर पुन्हा म्हणाल्या, आणि तिने ते एकदा मोठ्याने बोलावं असं वाटत होतं. पण ती बोलेल असं वाटलं नव्हतं, वहिनी. माझीच पाचावर धारण बसली होती, म्हणाल्या.

फेलोशिप मिळाली. संस्थेने एक अट घातली: कामासाठी मदतनीस घरची नको, बाहेरची हवी. विद्यापीठाच्या शहरातली एक मुलगी ठरली. ती येऊन आमच्याकडे आठवडाभर राहिली आणि वन्संचं बोलणं शिकली. शिकवलं सासूबाईंनी. “कळलं नाही तर पुन्हा विचार,” तिला रोज बजावायच्या. “आपल्या मनाचं काही घालू नकोस. आणि मागे रांग असली तर असू दे.”

वन्सं तिच्याबरोबर गेल्या. आता रविवारी फोन येतो. फोनवर वन्संचं बोलणं मला निम्मंसुद्धा लागत नाही, ह्यांना तर काहीच नाही. म्हणून सासूबाई आवाज मोठा करून फोन मशीनवर ठेवतात, आम्ही दोघे बाजूला बसतो आणि त्या ऐकून आम्हाला सांगतात. जेवण कसं, खोली कशी, कुठल्या दवाखान्यात जाऊन किती माणसांशी बोलल्या, सगळं.

परवा फोनवर वन्सं काहीतरी बोलल्या आणि सासूबाईंनी गळ्यातला टेप मुठीत धरला. मग त्या म्हणाल्या, “ती म्हणते, घरची आठवण येते. पण परत यावंसं वाटत नाही.”

आमचे हे चपापले. म्हणाले, “आई, खरंच असं म्हणाली ती?”

सासूबाई काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, लाकडावर मूठ वाजल्याचा. एकदाच.