देवरहाटीतली जुनी पेठ आणि चार पाहुण्यांचं गाऱ्हाणं

या ब्लॉगवर मी लडाखपासून रामेश्वरपर्यंत सगळं लिहिलं, पण माझ्याच आजोळच्या रानात हरवलेलं एक शहर आहे, त्यावर आजवर एक ओळ लिहिली नाही. वाचकांनी दोनदा विचारलं, दोनदा टाळलं. तिथे मी कसा वागलो हे सांगितल्याशिवाय ती सहल सांगताच येत नाही. त्या दिवसातलं आता कोणी उरलं नाही, म्हणून आज धीर करतोय.

काळ ऐंशीच्या दशकातला. मला नुकतीच ऑफिसर म्हणून बढती मिळाली होती. आमचे साहेब, सबनीस, इतिहासवेडे. कुठल्याशा जुन्या सरकारी पुस्तकात त्यांना सापडलं, की मंडणगड तालुक्यात खाडीच्या आतल्या अंगाला, दाट रानात, एका प्राचीन बंदराचे अवशेष आहेत. कोणी वसवलं, का ओस पडलं, कोणालाच ठाऊक नाही. "दिवाळी झाली की जाऊ या," साहेब म्हणाले आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं. ते माझ्या आईचं माहेर. तिचा एकुलता भाऊ तिथल्या देवाचा गुरव.

आता खरं सांगायचं तर ऑफिसात मी भलतीच थाप मारून ठेवली होती. माझं आजोळ दापोलीला, हापूसची मोठी बाग, दारात जीप वगैरे. मामाकडे होतं काय, तर देवाची पूजा, भाताचे चार तुकडे आणि कंबरेला एक पंचा. मी मनाशी हिशेब केला, की हे भातझोडणीचे दिवस, मामा खळ्यावर असणार. आपण रान बघायचं आणि गुपचूप परतायचं. आईलाही सांगितलं, ऑफिसची सहल दापोलीला आहे.

आम्ही पाच जण निघालो: सबनीस, त्यांच्या पत्नी, ऑफिसातले दोघे आणि मी. सकाळची एसटी. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, आणि रस्ता असा की पेणपर्यंत हसणारी माणसं माणगावला गप्प होत. लोणेऱ्याला आत वळून आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडली, मग घाटाची वळणं. सबनीसबाई खिडकीशी आणि साहेब डबीभर आवळासुपारी घेऊन त्यांच्या सेवेला. दिवस कलताना मंडणगड आलं. स्टँडजवळच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी मिळाली, इतकी छान की मी घडीभर उद्याची काळजी विसरलो.

दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत एसटी आणि पुढे तासभर पायवाट. जाणार असाल तर कार्तिक-मार्गशीर्षात जा. रान हिरवं असतं आणि पाय घसरत नाहीत. गावात शिरताच शाळेचे गुरुजी भेटले. सांगलीकडचे, नवीनच बदली होऊन आलेले. मला ते ओळखण्याचा प्रश्न नव्हता. साहेबांनी जुन्या पेठेची चौकशी केल्यावर ते म्हणाले, "ती देवरहाटीत आहे. देवाच्या नावानं राखलेलं रान ते. गुरवानं गाऱ्हाणं घातल्याशिवाय आत कुणी पाय टाकत नाही. थांबा, बोलावतो."

सगळा हिशेब तिथेच फिसकटला.

मामा खळ्यावरून तसाच आला. अंगाला भाताची कुसळं, कंबरेला कोयता. तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या तेराव्याला मुंबईला आला होता तेव्हापेक्षा वाळलेला. मला पाहिल्यावर तोंडभर हसला, दोन्ही हात पुढे झाले. "आरं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणालो, "नमस्कार. आपणच का इथले गुरव?"

जन्मभर ज्याला 'तू' म्हटलं, ज्याच्या खांद्यावर बसून पालखी पाहिली, त्याला. मामाचे हात हळूच खाली आले. त्याने ते पंच्याला पुसले. "व्हय सायेब," तो म्हणाला. "मीच गुरव."

रहाटीच्या तोंडाशी वहाणा काढल्या. मामाने एका दगडापुढे नारळ ठेवला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "हे बा देवा म्हाराजा! आज हे चार पावणे मुंबयसून तुज्या पायाशी आलं हायत. त्यांचा पाय चुकलामाकला तं पदरात घे, त्यांस वाट मोकळी दे रे म्हाराजा!" गुरुजींनी आम्हाला आधीच शिकवलं होतं, त्याप्रमाणे सगळे ओरडले, "होय महाराजा!"

"अहो गुरवबुवा, चार नव्हे, पाच आहोत आम्ही," सबनीस म्हणाले.

मामाने डोळे उघडले नाहीत. "चारच सांगायचं असत्यात, सायेब." आणि त्याने नारळ वाढवला.

आम्ही आत शिरलो. भर दुपारी तिथे दिवेलागणीचा उजेड. सातवीण, बेहडे, मांडीएवढे जाड गारंबीचे वेल, वर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा घरघराट. आणि त्या झाडांच्या मुळांखाली शहर. जांभ्यात कोरलेल्या पायऱ्या, घरांची जोती ओळीने, मधून सांडपाण्याचे पाट, एक बारव जिच्या काठावरून वडाच्या पारंब्या थेट पाण्यात उतरलेल्या. मामा पुढे चालत हात दाखवत होता. "ही कासारआळी. ही तेलीआळी. हितं जकातीचा दगूड." खालच्या टोकाला, आता जिथे नुसती खारफुटीची कांदळं आहेत, तिथे गलबतं बांधायचे दगडी खुंट उभे होते.

"लोक कुठे गेले?" सबनीसबाईंनी विचारलं.

"खाडी गाळानं भरली, ताई. गलबतं यायाची बंद झाली. मंग एकेक घर उठलं. आमास्नी देवानं सांगितलं, तुमी हितंच ऱ्हावा. कोन परत आला तं वळखीचं मानूस पायजे." कितीतरी अभ्यासकांची भाषणं मी पुढे ऐकली, पण ओस शहराबद्दल याहून नेमकं कोणी बोललेलं आठवत नाही.

त्याच वाटेवर गुरुजी साहेबांना सांगत होते, की इथे गाऱ्हाणं परक्यासाठीच घालतात. गावचा माणूस, माहेरवाशीण, तिची मुलं, यांच्यासाठी परवानगी मागत नाहीत. घरच्याने घरात शिरायला काय विचारायचं?

"मग त्यानं चार कसे मोजले?" सबनीसांना अशा गोष्टी सुटत नसत. ते माझ्याकडे वळले. "काय रे?"

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "अडाणी माणूस साहेब, मोजताना चुकला असेल."

मामा चार पावलं पुढे होता. त्याने ऐकलं. मला माहीत आहे, कारण तो वाटेवरची काटेरी फांदी कोयत्याने तोडायला थांबला होता आणि त्याचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने फांदी तोडली आणि "संबाळून या," म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने सगळ्यांना घरी बोलावलं. "पिठी-भाकर खाऊन जावा. बायकोनं चूल पेटवल्याली हाय." साहेब तयार होते. मीच घाई केली, एसटी चुकेल म्हणालो. एसटीला तीन तास होते. वाडीच्या वरच्या अंगाला मामाचं घर दिसत होतं, छपरातून धूर निघत होता. मी मान खाली घालून चालत राहिलो. उरलेले दोन तास आम्ही फाट्यावर एका झाडाखाली शेंगा खात काढले.

मुंबईला आल्यावर सबनीसांनी ऑफिसात फोटो दाखवले, माझंही कौतुक झालं. त्या रानाबद्दल माझ्याकडे काय उरलं म्हणाल, तर जोती, बारव, खुंट सगळं लख्ख आठवतं, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे चालणारी मामाची पाठ दिसते. तुम्ही जरूर जा. जाल तेव्हा तिथल्या गुरवाशी नीट बोला.

आठवड्याने मामाचं कार्ड आलं. आईला वाचता येत नसे, तिची पत्रं मीच वाचायचो. कार्ड हातात घेतलं तेव्हा वाटलं, आता सगळं बाहेर येणार. आई समोर भाजी निवडत बसली होती.

"ताईस नमस्कार," मी वाचू लागलो. "भाचा मोठ्या साहेब लोकांना घेऊन येऊन गेला. आल्या आल्या चारचौघांत माझ्या पाया पडला. हा माझा मामा, असं सगळ्यांना सांगितलं. गाडीची वेळ झाल्यामुळे जेवायला थांबता आलं नाही, त्याला बोल लावू नये. पोराला चांगलं वळण लावलंस."

देवापुढे त्याला खोटं बोलवलं नव्हतं. बहिणीला मात्र त्याने खोटं लिहिलं, माझ्यासाठी.

आईने भाजी बाजूला सारली. "गेला होतास आणि मला बोलला नाहीस होय रे?" ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. मग म्हणाली, "ते पाया पडल्याचं तेवढं परत वाच."

मी परत वाचलं. वाचताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही.