पायाचं पोट

नकली पाय बनवायच्या कारखान्यात बाईंची तीस वर्षं गेली. पाऊल नि सांधा बसवणारे वेगळे, बाईंकडे गुडघ्याखालचा आकार. माणसाच्या शाबूत पायाचं माप घ्यायचं आणि तसाच दुसरा फोममधून कानशीने घासून काढायचा. सगळे त्यांना पोटरीबाई म्हणत, त्याही ओ देत. नवऱ्याने मात्र एकदा चारचौघांत तीच हाक मारली, तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता.

एकदा एक मास्तरीणबाई आल्या. अपघातात डावा पाय गेलेला, पाच महिने अंथरुणात काढलेले. त्यांचं एकच म्हणणं. "मी फळ्याकडे वळले की चाळीस पोरं माझ्या पायांकडे बघणार. दोन्ही सारखे दिसले पाहिजेत."

उजव्या पायाला टेप गुंडाळता गुंडाळता बाईंनी विचारलं, "तुम्ही शिकलेल्या. पोटरीला पोटरी का हो म्हणतात? इतकी वर्षं घासतेय, पण कधी डोक्यात आलं नाही."

"पोटावरून आलाय शब्द. पायाचं पोटच ते. मागून फुगीर असतं ना."

"अगंबाई!" बाईंनी टेप सोडून पाय हाताने चाचपला. "मग हे पोट तर खपाटीला गेलंय. पाच महिन्यांचं उपाशी. चालायला लागलात की भरेल."

आणि त्यांनी पाय केला तो मापापेक्षा बोटभर जाड.

"बाई, चष्मा बदला," वरचे साहेब म्हणाले. "टेप काय सांगतोय?"

"टेप आजचं सांगतो, साहेब. पाय पुढे वापरायचाय."

"पाय परत आला तर खर्च तुमच्या नावावर."

आरशात बघून मास्तरीणबाईंचा चेहरा पडला. एक पाय भरलेला, एक काडी. "मी सांगितलं काय नि तुम्ही केलंत काय!"

"तीन महिने पायघोळ कपडे घाला. नाहीच भरली पोटरी, तर अर्ध्या तासात घासून बारीक करून देते. माझा शब्द."

फुरंगटूनच पाय मिळाल्याची सही केली त्यांनी. पुढचे तीन महिने दार वाजलं की बाईंचा हात आधी कानशीकडे जायचा.

चौथ्या महिन्यात मास्तरीणबाई आल्या, त्याही जिना चढून. बाईंनी बसा म्हणायच्या आधी टेप लावला. उजवी पोटरी भरली होती. भरली कसली, डावीच्याही पुढे अर्धं बोट गेली होती. सगळा भार तीच उचलत होती ना!

साहेब हसले. "चुकलात की हो!"

"चुकले. मी वाढलं त्याहून जास्त जेवलंय हे पोट."

"राहू द्या आता," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एवढं कुणाला दिसत नाही. पोरांनी दोन दिवस बघितलं, मग लागली एकमेकांच्या वह्या पळवायला."

"पोरांचं सोडा. सारखे म्हणाला होतात ना तुम्ही? काढा तो पाय."

बाईंनी डाव्या पोटरीवर फोमचा पातळ थर चिकटवला आणि कानशीने कडा मारल्या. साहेब डबा खाऊन येईस्तोवर मास्तरीणबाई आरशासमोर उभ्या होत्या, झगा गुडघ्यापर्यंत उचलून.