तारप्याकडे पाठ

मोबाईलवरच्या नाचाविरुद्ध मी पत्रक लिहिलं होतं. ‘रीलवाल्यांनो, आमचा तारपा परत द्या!’ असा मथळा, आणि एकही शब्द मागे घ्यायची माझी तयारी नव्हती. मनोरजवळच्या पाड्यावर माझा मामा तारपा वाजवतो. लांब भोपळ्याच्या त्या वाद्याभोवती हात गुंफून नाचायला अलीकडे कुणी येतच नव्हतं. मुठीत जगभरचे नाच असताना पाड्यावर कोण येणार? यंदा तारपा आढ्यावरून काढणारच नाही, असं मामा म्हणत होता.

तेवढ्यात बोईसरच्या कंपनीत कामाला लागलेली त्याची मुलगी सालवडच्या सात मैत्रिणींना घेऊन आली. तारप्याचा नाच सगळ्यांनी व्हिडिओ बघून बसवलेला. मामाने निमूट तारपा काढला. पोरींची पावलं पक्की पडत होती, याचाच मला राग आला.

मग वाजवता वाजवता मामा उलटा फिरला. आमच्यात तारप्याकडे कुणी पाठ करत नाही. तो वळला की रांगेनेही वळायचं. व्हिडिओत हे वळण नव्हतंच. पोरी ठरल्या दिशेने गेल्या आणि आठही पाठी मामाकडे!

मामा थांबला, मग हसत सुटला. “अगं, मोबाईल वळत नाय, मी वळतो. माझ्याकडं बघा.”

“मग परत वाजव ना, बाबा! आणि ह्या पत्रकवाल्या दादाला पन घे.”

मी रांगेत शिरलो. मामा वळला, पोरी वळल्या. माझी पाठ तेवढी तारप्याकडे राहिली.

“भाच्या, तुझ्यापरीस मोबाईल बरा,” मामा म्हणाला. “उद्या पन या गं सगळ्या. यालाबी आना.”